अमेरिकन र

त्याच सात माणसांना मी सहा महिन्यांत दोनदा इंग्रजी बोलायला शिकवलं. आधी ब्रिटिश, मग अमेरिकन. दुसऱ्या खेपेला माझी इच्छा पार मेली होती, हे आधीच सांगून टाकते. सत्तावीस वर्षं नाशिकला शाळेत घसा फोडून झाला होता. शशिकांतच्या, म्हणजे नवऱ्याच्या, नोकरीपायी सिल्वासात आले, आमलीत फ्लॅट घेतला आणि ठरवलं, आता कुणाला काही शिकवायचं नाही. पण ठरवलेलं पाळतो थोडंच आपण! शशिकांतच्या ओळखीतून खडोलीच्या एका धाग्याच्या कंपनीचं बोलावणं आलं, आणि मी परत हातात खडू घेतला. आठवड्यातून तीन दिवस, पहिली पाळी सुटली की साडेतीन ते साडेचार, कॅन्टीनच्या मागच्या खोलीत वर्ग. त्या खोलीला कायम फोडणीचा वास यायचा.

भानगड अशी होती. कंपनी पॉलिस्टरचा धागा तापवून, पीळ देऊन इंग्लंडला पाठवायची. तिथलं गिऱ्हाईक दर आठवड्याला फोन करून विचारायचं, अमक्या लॉटमध्ये धागा एवढा का तुटला? मॅनेजर लोकांना ते ठाऊक नसायचं. मशीनवरच्या माणसाला ठाऊक असायचं, पण त्याला इंग्रजीत सांगता यायचं नाही. मग एच.आर.च्या परागसरांनी डोकं चालवलं. परागसर पुण्याचे, वय असेल तिशीचं, मला मॅम म्हणायचे. त्यांनी सात जण निवडले. सहा जण मशीन हॉलमधले जुने ऑपरेटर आणि एक पूजा, तीन महिन्यांपूर्वी ऑफिसात लागलेली पोरगी. या सातांत जो नीट बोलेल तो शिफ्ट इनचार्ज होणार, हॉल सोडून काचेच्या केबिनमध्ये बसणार.

सातांत पहिल्या दिवसापासून नजरेत भरला तो बारकू. साक्री तालुक्यातला, चव्वेचाळीस वर्षांचा, अठरा वर्षं त्याच हॉलमध्ये. शाळा आठवीपर्यंत. पण काय सांगू, ज्या आवाजांवर माझे नाशिकचे कॉन्व्हेंटवाले दहा-दहा वर्षं अडकले, ते हा माणूस दुसऱ्या दिवशी काढायला लागला. एका ‘व’ला ओठांचा चंबू करायचा, दुसऱ्या ‘व्ह’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, हे आपल्याकडे पीएच.डी. झालेल्यांनाही जमत नाही. बारकूला जमलं. ‘हॉट’ म्हणताना तोंड गोल, ‘बाथ’ म्हणताना जबडा खाली, ‘थँक यू’ला जीभ दातांत. आवाज जरा मोठा आणि सपाट असायचा, पण हॉलमधली माणसं सगळीच ओरडून बोलतात. मी घरी येऊन शशिकांतला म्हणालेसुद्धा, अहो, हा माणूस लंडनला जन्मला असता तर बातम्या वाचल्या असत्या त्यानं!

चौथ्या महिन्यात इंग्लंडचं गिऱ्हाईक गेलं आणि अमेरिकेचं आलं. परागसर हसत हसत वर्गात आले. “मॅम, आता जरा अमेरिकन करून टाकू या.”

जरा! भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं, तसं. मी म्हटलं, “अहो, चार महिने यांना ‘कार’मधला र गिळायला शिकवलाय. आता तोच ओकून काढू म्हणता?”

“मॅम, बायर इज बायर,” ते म्हणाले आणि गेले.

झालं. पुन्हा पहिल्यापासून. ‘शेड्यूल’चं ‘स्केजूल’, ‘वॉटऽ’चं ‘वाडर’. अमेरिकन र म्हणजे जिभेचं टोक मागे वळवून टाळूला न लावता तसंच अधांतरी धरायचं. बाकीचे पाच जण ब्रिटिशमध्येही यथातथाच होते, ते अमेरिकनमध्येही तसेच राहिले. पूजा मोबाइलवर मालिका बघणारी, ती आठवड्यात शिकली. आणि माझा हिरा, बारकू, तो एकदम दगड झाला. मी ‘वाडर’ म्हणायची, तो ‘वॉटऽ’ म्हणायचा. दहा वेळा सांगितलं, वीस वेळा सांगितलं. तो माझ्याकडे टक लावून बघायचा आणि चुकीचंच म्हणायचा, वर हसायचा.

एका दुपारी माझा तोल गेला. गुडघा दुखत होता, पंखा बंद होता. मी ओरडले, “बारकू, कानात बोळे घातलेत का तुमच्या?” तो ओशाळला. मी फळ्याकडे वळले, लिहिता लिहिता आणखी म्हणाले, “जमत नसेल तर उठा, जा घरी, माझं तरी डोकं शिणणार नाही.”

मागे वळून बघते तो बारकू जागेवर पेन घेऊन तयार. चेहऱ्यावर तेच हसू. “मॅडम, पुढचा शब्द?”

वर्गात कुणी हसलं नाही, कुणी चुळबुळही केली नाही. मला वाटलं, माझ्या रागाला घाबरले. एकटी पूजा मान खाली घालून बसली होती.

पण बारकूबद्दल शंका आली, म्हणून मी पुन्हा फळ्याकडे तोंड केलं आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, “बारकू, तुमच्या वहीला आग लागलीय.” वळून बघितलं, काही नाही. त्याचं पेन चालूच होतं.

वर्ग सुटल्यावर त्याला थांबवलं. विचारलं तर आधी नाही नाही केलं, मग बाकावर बसला आणि माझ्या तोंडाकडे बघत सगळं सांगितलं. डावा कान पूर्ण गेला होता. उजवा अर्धा उरला होता. हॉलमध्ये तसंही कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. तिथं सगळं खुणांवर चालतं. खांद्यावर दोन बोटं म्हणजे साहेब आला, मनगट फिरवलं म्हणजे धाग्यानं भरलेली बॉबिन उतरव, अंगठा ओठाला म्हणजे चहा. बाकीचं ओठांवरून वाचायचं. कानात घालायचे पिवळे बोळे कंपनी देते, पण ऑडिट असलं की. एरवी घातले तर सुपरवायझर ओरडतो, कारण धागा फिरवणारा कुठला स्पिंडल बिघडला ते आवाजावरूनच कळतं.

“सगळं ओठ बघून शिकलात तुम्ही?”

“हो ना मॅडम. तुमचं ते ब्रिटिश सगळं बाहेर दिसायचं. हे अमेरिकन आत चालतं. आतलं कसं दिसंल?”

चार महिने मी त्याचं कौतुक करत होते ते त्याच्या कानाचं समजून! लाज वाटली. आणि रागही आला, कुणावर ते त्या क्षणी कळेना. मी म्हटलं, “कंपनीला सांगा. सरळ सांगा.”

“सांगितलं तर अनफिट करतील. डॉक्टर म्हणाला, त्या आवाजात अजून दोन वर्षं काढली तर उजवा बी जाणार. केबिनमध्ये बसलो तर आहे तेवढा राहील. तेवढंच पाहिजे मला. फोनचं बघून घेईन, हल्ली मेल असतो, व्हिडिओ असतो.” मग हसून म्हणाला, “घरात बायको, आमची सरुबाई, म्हणते, तुमच्याशी भांडायला मजा येत नाही आता. पुढ्यात येऊन भांडावं लागतं.”

मला हसू आलं नाही. पण त्या दिवसापासून मी त्याला अर्धा तास जास्त द्यायला लागले. का विचाराल तर सांगता येणार नाही. सत्तावीस वर्षांत अशी किती पोरं हातून निसटली असतील, आणि मी त्यांना मठ्ठ म्हटलं असेल, हे डोक्यातून जात नव्हतं.

आम्ही हॉलसारख्याच खुणा केल्या. उजवा हात म्हणजे जीभ. पंजा सपाट म्हणजे जीभ खाली, ब्रिटिश. बोटं मागे वळवली म्हणजे अमेरिकन र. बोटानं टेबलावर हलकी टिचकी म्हणजे ‘वाडर’मधला तो ड. त्यानं स्वतःच्या हनुवटीखाली बोटं धरायची, जीभ वळली की तिथं मांस ताणतं ते ओळखायचं. पंधरा दिवस हे चाललं. घसा बसला, मनगट दुखायला लागलं. शशिकांत म्हणाला, “किती जीव काढशील?” मी म्हटलं, “गप्प बसा.” सोळाव्या दिवशी बारकू ‘कार’ म्हणाला आणि मी खुर्चीवर टेकले. अगदी हवा तसा र! त्याला तो ऐकू आला नव्हता. माझ्या चेहऱ्यावरून कळला.

इनचार्ज निवडायची परीक्षा फोनवर होती, बारकूची पाळी संध्याकाळी साडेसहाला. तेव्हा अमेरिकेत सकाळ. मीटिंगच्या खोलीत टेबलाच्या मधोमध स्पीकर, एका बाजूला बारकू, समोर मी; परागसरही होते. पलीकडे डग्लस नावाचे गिऱ्हाइकाचे साहेब. आम्हा दोघांचं ठरल्याप्रमाणे ते प्रश्न विचारायचे, मी आवाज न काढता तो प्रश्न ओठांवर धरायची, बारकू उत्तर द्यायचा. उत्तरं त्याची स्वतःची होती, ही शपथ घेऊन सांगते. तीन प्रश्न झाले. चौथ्याला धागा का तुटतो हे त्यानं इतकं नेमकं सांगितलं, की डग्लससाहेब “एक्सलंट” म्हणाले.

परागसरांची नजर माझ्या ओठांवर गेली. त्यांनी स्पीकर म्यूट केला. “मॅम, तुम्ही सांगताय का त्याला? असं नको. इकडे या, माझ्या बाजूला.” त्यांची खुर्ची बारकूच्या मागे होती. मी उठले. बारकूनं मला जाताना बघितलं.

स्पीकर पुन्हा सुरू झाला, पुढचा प्रश्न आला. डग्लससाहेबांनी तो पुन्हा विचारला. बारकू स्पीकरकडे वाकला, उजवा कान त्याच्याजवळ नेला, मग सरळ बसला. मला त्याची फक्त पाठ दिसत होती. शर्ट ओला झाला होता. परागसर पुटपुटले, “हॅलो, बोल ना.”

आणि बारकू बोलला. एकेक शब्द सुटा, अजिबात घाई नाही. “सर. माय इयर इज बॅड. मशीन नॉइज, एटीन इयर्स. यू राइट, आय रीड. यू शो फेस, आय आन्सर.”

हे मी शिकवलेलं नव्हतं. आम्ही पाठ केलेल्या एकाही कागदावर ते नव्हतं. आणि त्यातला ‘इयर’चा र अमेरिकन होता, शेवटपर्यंत वळलेला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

पलीकडून डग्लससाहेबांनी विचारलं, असे आणखी किती लोक आहेत तुमच्याकडे?

“नो, नो, सर,” परागसर घाईघाईनं म्हणाले. “सिंगल केस. जन्मापासूनचा दोष आहे. आमच्या ट्रेनर रोज सगळ्यांशी बोलतात, त्या उद्या तुम्हाला मेल करतील.”

बारकू बाहेर गेल्यावर मी त्यांना विचारलं, “जन्मापासूनचा? हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“मॅम, दोन ओळी लिहा फक्त. एकच केस, बाकी सगळे ओके. तुम्ही शिकवताय ना त्यांना सहा महिने? मग खोटं थोडंच आहे?”

“आणि बारकू?”

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “जन्मापासूनचं असेल तर त्यानं लागताना लपवलं असं धरतील. जावं लागेल त्याला. मशीनमुळे झालं म्हटलं, तर सगळा हॉल तपासावा लागेल. मॅम, माझीही नोकरी आहे हो.”

रिक्षात बसून आमलीला येईपर्यंत मी एकच गोष्ट घोळवत होते. एकटा बारकू असेल तर तो खोटारडा ठरून घरी जाणार. एकटाच आहे का तो? मला काय ठाऊक! सहा महिने मी त्यांच्या तोंडात काय चाललंय ते बघत होते. कानांकडे कधी बघितलं?

दुसऱ्या दिवशी साडेतीनला सगळे आले. बारकूसुद्धा. त्याला हॉलमध्ये यायचं नाही असं सांगितलं होतं, वर्गाचं कुणी काही बोललं नव्हतं, म्हणून आला आणि मागच्या बाकावर बसला. पुढे नीलेश, सगळ्यांत लहान, सव्वीसचा. त्याच्या शेजारी काळू आणि ललित. खिडकीपाशी चंदा आणि पप्पू. दाराजवळ पूजा.

मी ओढणी नाकापर्यंत ओढून धरली, धूळ सोसत नाही असं दाखवून. आणि घरात बोलते तेवढ्याच आवाजात म्हटलं, “ज्याला माझं ऐकू येतंय त्यानं हात वर करा.”

पूजानं हात वर केला. मग चंदानं केला. मग पप्पू, काळू, ललित, नीलेश. शेवटी बारकूनंही केला.

क्षणभर मला हायसं वाटलं. सुटले, वाटलं. लिहून टाकू दोन ओळी. आणि मग डोक्यात उजेड पडला, की बारकूला तर ऐकू येत नाही. मग त्यानं हात वर कसा केला?

मी ओढणी खाली घेतली. “पूजा, बाळा, गेटबाहेरच्या टपरीवरून पाण्याची बाटली आण जरा.” ती गेली. मी पुन्हा तोंड झाकलं. तोच आवाज, तेच वाक्य. “ज्याला माझं ऐकू येतंय त्यानं हात वर करा.”

कुणी केला नाही. काळूनं ललितकडे बघितलं, ललितनं चंदाकडे, चंदानं दाराजवळच्या रिकाम्या बाकाकडे. कुणीतरी आधी हात वर करेल, याची सगळे वाट बघत होते. मी आवाज चढवून पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा नीलेशचा हात अर्धवट उठला, आणि त्याच्या मागोमाग सगळ्यांचे.

सव्वीस वर्षांचं पोर ते! खुर्ची ओढून बसले, ओढणी काढली आणि ओठ स्पष्ट हलवत त्यांना सगळं सांगितलं. फोनवर काय झालं, परागसर काय म्हणाले, मी काय लिहायचं ते, आणि त्यामुळे बारकूचं काय होणार.

“लिहू नका मॅडम,” चंदा म्हणाली. “माझी पोरं शाळेत हायेत.”

ललितनंही मान हलवली. बारकू मागून म्हणाला, “नका लिहू. माझं झालं ते झालं. मी बोललो ते मी बोललो.”

मी काय तोंडानं त्यांना लिहू द्या म्हणणार होते? मला पाच वाजता रिक्षा मिळते, घरी जाऊन मी कुकर लावते.

मग काळू बोलला. तो कधी बोलायचा नाही, ‘गुड आफ्टरनून’सुद्धा ओढून काढावं लागायचं. “एकाला काढता येतं. सहा जणांना काढलं तर चार नंबरची लाइन कोण चालवंल, ह्यांचा बाप? लिहा मॅडम. नावं नका लिहू. आकडा लिहा.”

त्यांच्यात खुणा सुरू झाल्या. बोटं, मनगटं, भुवया, सगळं भराभर. मला त्यातलं काही कळेना. त्या खोलीत पहिल्यांदाच मी अडाणी होते. बऱ्याच वेळानं चंदानं माझ्याकडे बघून मान हलवली. बारकू तेवढा खाली बघत होता, मग त्यानंही हलवली.

मी मोबाइल काढला आणि तिथंच मेल लिहिला. माझ्या वर्गात मशीन हॉलचे सहा कामगार आहेत. आज मी तपासलं. सहाही जण ओठ वाचतात, साध्या आवाजातलं एकाही जणाला ऐकू येत नाही. लहानात लहान सव्वीस वर्षांचा आहे. हॉलमधल्या बाकीच्यांना मी तपासलेलं नाही, ते तुम्ही तपासा. बारकू खरं बोलला. सहा महिने हे माझ्या लक्षात आलं नाही, ही माझी चूक. परागसरांनीच दिलेला डग्लससाहेबांचा पत्ता घातला, खाली परागसरांचा घातला आणि पाठवून दिला.

पाच मिनिटांत फोन वाजला. परागसर. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. ते ओरडत होते, काय वाटेल ते ओरडत होते. बाटली घेऊन आत आलेली पूजा दारातच दचकून उभी राहिली. बाकीचे सहा जण माझ्या तोंडाकडे बघत होते, मी आता काय म्हणते त्याची वाट बघत.